पडदाभर फुली

"ताई, हा सोपा लहान वाटून राह्यला मले."

मे महिना, सकाळचे साडेसात. दारव्ह्यापासून आडवाटेला असलेल्या एका गावात नव्या घराची आखणी चालली होती. खुंट्या ठोकून झाल्या होत्या, दोरी ताणली होती, चुन्याच्या पांढऱ्या रेघा काळ्या मातीवर उमटल्या होत्या. घरधनीण त्या रेघांच्या आत उभी राहून टाचेला बोटं लावत पावलं टाकत होती. भिंतीच्या रेघेपाशी आली, थांबली, पुन्हा उलटी फिरली. "माही बाज सहा फुटाची. इकून बाज टाकली का तिकून दार उघडाची पंचाईत. तुमी तं कागदावर मोठी खोली दाखवली होती."

मिस्त्री म्हणाला, "कागदावर हाय तेवढीच टाकली मी. पट्टी लावून घेतली."

मी टेप लावला. खोली तीन मीटरची हवी होती, ती दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर भरली. दुसरी मोजली, तीही त्याच प्रमाणात कमी. मिस्त्रीच्या खिशातला नकाशा उघडला. नावाच्या चौकटीत प्रमाण १:१०० छापलेलं. म्हणजे तीन मीटरची खोली कागदावर तीस मिलिमीटर यायला हवी. पट्टी लावली तर अठ्ठावीस. मापं लिहिलेली होती, पण न्हाणीघर आणि जिन्याच्या भागात आकडे एकमेकांवर चढून बसले होते, त्यातला तीन हजार मिलिमीटर कुठला आणि एक हजार दोनशे कुठला हे मलाही पटकन कळेना. आकडा वाचता येत नाही म्हटल्यावर मिस्त्री पट्टी लावणारच. त्यात त्याची चूक काहीच नव्हती.

खोदकाम सुरू झालं नव्हतं. पायानं चुना पुसला, टेपनं पुन्हा आखलं, अकरा वाजायच्या आत उन्हानं जमीन तापायला लागली तेव्हा काम संपलं होतं. मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गाडीवरून परत येताना वाटभर एकच विचार करत होते. त्या बाईनं पावलं टाकली नसती तर? कर्ज काढून, बैलजोडी विकून बांधलेल्या घरात वीस सेंटिमीटर हा आकडा फार मोठा असतो.

आमचं ऑफिस कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर. खाली बियाणं आणि खतं, वर आम्ही. घरांचे नकाशे, शेततळी, सिमेंट नाला बांध, कधी शाळेची खोली, कधी अंगणवाडी. सहा संगणक, सहाही वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. पहिल्या दोघांवर ऑटोकॅड, म्हणजे आम्ही नकाशे काढतो ते सॉफ्टवेअर, कुणी टाकलं ते आता आठवतही नाही. तिसरं यवतमाळहून आलेल्या एका पोरानं घाईघाईत टाकून दिलं होतं, चौथं मी स्वतः, पाचवं आणि सहावं ज्यानं त्यानं आपापलं. नकाशाची फाइल एकच असायची, पण ती कुठल्या मशीनवर उघडली यावर तिचं रूप ठरायचं. हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. "प्रिंट खिडकीजवळच्या मशीनवरून काढू नको" असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि ते सांगणं म्हणजेच उपाय समजायचो. त्या दिवशीची प्रिंट खिडकीजवळच्या मशीनवरून निघाली होती.

दुपारी तेच मशीन उघडून बसले. दोन गोष्टी होत्या. नकाशातल्या आकड्यांना आम्ही जो एसएचएक्स फॉन्ट, म्हणजे ऑटोकॅडच्या खास जातीचा अक्षरसंच, वापरतो, तो त्या मशीनवर नव्हताच. फॉन्ट सापडला नाही की ऑटोकॅड काम अडवत नाही, पर्यायी म्हणून नेमलेला दुसरा फॉन्ट लावून पुढे जातं. तो दुसरा फॉन्ट रुंद होता, म्हणून आकडे फुगून शेजाऱ्यावर चढले. आणि छपाईच्या चौकटीत 'फिट टू पेपर' वर टिचकी होती. कागदावर मावेल असं कर, म्हणजे प्रमाण जे येईल ते येवो. आलं १:१०७. नावाच्या चौकटीत मात्र १:१०० लिहिलेलं, कारण ती अक्षरं हातानं टाइप केलेली असतात, त्यांना छपाईचं काही कळत नाही. एकट्या फॉन्टनं काही बिघडलं नसतं, एकट्या 'फिट'नंही नाही, कारण लिहिलेलं माप मिस्त्रीनं वाचलं असतं. दोन्ही एका कागदावर भेटल्या म्हणून चुन्याची रेघ चुकली.

आमच्याकडे एक काका आहेत. ऑफिसमधले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. बोर्डावर टी-स्क्वेअर, म्हणजे सरळ आडव्या रेघा मारायची टी आकाराची लांब पट्टी, लावून काम करण्याच्या काळातले. त्यांच्याकडून मी खूप ऐकलं आहे, ट्रेसिंग पेपरवर शाई सांडली की ब्लेडनं अलगद खरवडायची, मग नखानं तो भाग घोटून गुळगुळीत करायचा, अमोनिया प्रिंट काढताना खोलीभर डोळे चुरचुरायचे. त्या काळातली एक गोष्ट मला आता नव्यानं कळली. तेव्हा 'सेटिंग' डोळ्यांना दिसायची. ०.२, ०.३ आणि ०.५ चं पेन टेबलावर शेजारी शेजारी पडलेलं असायचं. भिंत जाड पेननं, माप बारीक पेननं. नवा माणूस आला की शेजारच्याच्या हातातलं पेन बघायचा आणि तेच उचलायचा. स्केलची तिकोनी पट्टी सगळ्यांची सारखीच. चूक झाली तर ती हाताची असायची.

१९८२ च्या शेवटी ऑटोकॅड बाजारात आलं, आणि ही सगळी पेनं पुढे रंगांच्या क्रमांकात गेली. पडद्यावर लाल रेघ काढायची, ती लाल छापण्यासाठी नसतेच. लाल म्हणजे क्रमांक एक, आणि क्रमांक एकची रेघ कागदावर किती जाड छापायची हे वेगळ्या एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं. सीटीबी म्हणतात तिला. २५५ रंग, म्हणजे २५५ पेनांचा डबा. आमच्या सहा मशीनवर सहा डबे होते. काकांच्या डब्यात पिवळी रेघ ०.३५ ची, माझ्या डब्यात ०.२५ ची, खिडकीजवळच्या मशीनवर डबाच निवडलेला नाही, त्यामुळे भिंत आणि माप एकाच जाडीचं. पेनं आता टेबलावर नव्हती, प्रत्येकाच्या मशीनच्या पोटात होती, आणि तिथं कुणी कुणाच्या हातात डोकावून बघू शकत नव्हतं.

मापाच्या एककांची तर तऱ्हाच निराळी. नवी फाइल उघडताना ऑटोकॅड कुठला साचा घेतं यावर सगळं ठरतं. एक साचा इंचाचा असतो, एक मिलिमीटरचा. दोन मशीनवर इंचाचा होता, चारवर मिलिमीटरचा. दाराचा ब्लॉक, म्हणजे नकाशात उचलून ठेवायचं तयार चित्र, इंचात काढलेला असला आणि त्यात एककाची नोंदच नसली, तर मिलिमीटरच्या नकाशात छत्तीस इंची दार छत्तीस मिलिमीटरचं होऊन ठिपक्यासारखं पडतं. नोंद असली तर सॉफ्टवेअर २५.४ नं गुणून ते बरोबर बसवतं. तुटक रेघांचंही तसंच, इंचाच्या साच्यातली तुटक रेघ मिलिमीटरच्या नकाशात इतकी बारीक होते की अखंड दिसते, आणि मग वरून जाणारी तुळई कागदावर भिंतीसारखी भासते.

हे बघताना मला आमची शकुंतला आठवत राहिली. मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज, दारव्ह्यावरून जाणारी. आता गाडी नाही, पण रूळ ओलांडताना अजून नजर दोन्हीकडे जाते. तिच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुंबईकडं जाणाऱ्या मोठ्या लाइनचं १६७६. आपल्या भागातल्या कापसाच्या गाठी नॅरोगेजनं मूर्तिजापूरपर्यंत जायच्या आणि तिथं उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्या लागायच्या. डबा चांगला, इंजिन चांगलं, कापूसही चांगला, तरी एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर चढत नाही. आमच्या ऑफिसात सहा टेबलांमध्ये सहा मूर्तिजापूर झाली होती. एकाचा नकाशा दुसऱ्याकडे गेला की अर्धा तास उतरवा-चढवीत जायचा.

मी एक जाड रजिस्टर घेतलं. पंधरा दिवस संध्याकाळी सगळे गेल्यावर एकेका मशीनसमोर बसून लिहून काढलं, कुणाकडं काय आहे. पाचव्या दिवशी लक्षात आलं की खरा प्रश्न सेटिंग कुठली चांगली हा नाहीच. ऑटोकॅड फॉन्ट, पेनांचे डबे, तुटक रेघांच्या फाइली, शॉर्टकटची यादी हे सगळं ठरावीक फोल्डरांमध्ये शोधतं, वरून खाली या क्रमानं, आणि जे पहिल्यांदा सापडेल ते उचलतं. म्हणजे आपल्याला प्रत्येक मशीनवर शंभर गोष्टी बदलायच्या नाहीत. ऑफिसचं एक फोल्डर करायचं, त्यात सगळं ठेवायचं, आणि शोधाच्या यादीत ते फोल्डर सगळ्यात वर चढवायचं. एवढंच. ही गोष्ट मला इतकी उशिरा का कळली याचं वाईट वाटलं, आणि कळल्याचा आनंदही तितकाच झाला.

फोल्डर आधी मी कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ठेवलं, सगळ्यांनी नेटवर्कवरून तिथूनच उचलावं म्हणून. दोन दिवसांत लाइट गेली. इन्व्हर्टरवर सहा मशीन चालतात, कोपऱ्यातलं सातवं नाही. ते बंद पडलं आणि सगळ्यांचं ऑटोकॅड त्या न सापडणाऱ्या फोल्डरची वाट बघत थिजून राहिलं. शहरातल्या ऑफिसात ही अडचण येत नसेल, आमच्याकडे उन्हाळ्यात रोजची. मग मार्ग बदलला. मूळ फोल्डर कोपऱ्यातल्या मशीनवरच, पण तिथं फक्त वाचायची परवानगी, लिहायची नाही. रोज सकाळी मशीन सुरू झालं की विंडोजमधलाच रोबोकॉपी नावाचा नक्कल करणारा प्रोग्रॅम त्याची ताजी प्रत सी ड्राइव्हवर उतरवतो. सहाही मशीनवर फोल्डरचं नाव आणि पत्ता अक्षरनअक्षर सारखा. कोपऱ्यातलं मशीन बंद असलं तर कालची प्रत आहेच. दर पाच मिनिटांनी आपोआप जतन होणारी फाइल मात्र त्या त्या मशीनवरच ठेवली, ती नेटवर्कवर नेण्यात अर्थ नाही.

इन्स्टॉलेशनचं दुखणं त्याहून जुनं. आमच्याकडं इंटरनेट म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट. काही जीबींची फाइल सहा वेळा उतरवायची म्हणजे सहा दिवसांचा खेळ. आता सॉफ्टवेअरच्या आपल्या ऑनलाइन खात्यातून 'डिप्लॉयमेंट' बनवून घेतलं, म्हणजे काय टाकायचं, काय वगळायचं, कुठल्या भाषेत हे एकदाच ठरवून सगळी सामग्री एका फोल्डरात उतरवायची, आणि मग तेच फोल्डर प्रत्येक मशीनवर चालवायचं. एकदाच डाउनलोड. तेही रात्री दीडनंतर, नेट बरं असतं तेव्हा. जे कुणी वापरत नाही ते वगळलं, जुन्या मशीनला तेवढाच मोकळा श्वास. सगळ्यांची आवृत्तीही एकच झाली. फाइल कुठल्या जातीत जतन करायची तेही ठरवलं, कारण आमचे नकाशे ज्यांच्याकडे जातात त्यातल्या काहींकडे जुनी आवृत्ती असते. २०१३ ची जात निवडली, ती बहुतेकांकडे उघडते.

एका गोष्टीबद्दल सांगायलाच हवं, कारण लहान ऑफिसांना तिचा फटका बसतो आणि कुणी बोलत नाही. नकाशा उघडताना आपोआप चालणारी, लिस्प भाषेत लिहिलेल्या सूचनांची एक छोटी फाइल असते, एसीएडीडॉक नावाची. फार उपयोगाची, आम्ही तिच्यातच एककं आणि साचे पक्के केले आहेत. पण याच नावानं व्हायरसही फिरतात. पेनड्राइव्हवरून नकाशांच्या फोल्डरात येऊन बसतात आणि उघडलेल्या प्रत्येक फोल्डरात आपली प्रत टाकतात. म्हणून 'विश्वासू जागा' या यादीत आमचं ते एकच फोल्डर ठेवलं आहे. बाहेरच्या फोल्डरातून काही चालू व्हायला लागलं की सॉफ्टवेअर विचारतं. विचारलं की 'नको' म्हणायचं, हे सगळ्यांना शिकवलं.

मराठी अक्षरांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. जुन्या नकाशांत 'सोपा', 'स्वयंपाकघर', 'गोठा' हे शब्द जुन्या पद्धतीच्या फॉन्टात आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फॉन्ट असला तर 'गोठा', नसला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या १२८ जागा आहेत, 'ग' हा कुठल्याही मशीनवर 'ग'च राहतो. नवे सगळे नकाशे युनिकोडमध्ये करायचे ठरवलं. जुने, जसे लागतील तसे. खूप आहेत अजून. गोठ्याचा नकाशा मागायला कुणी आलं की एक बदलला जातो.

पण हे लिहायला बसले ते काकांसाठी.

सगळं जमून आल्यावर मी एक प्रोफाइल तयार केलं. पडद्याचा रंग, कर्सर, उजव्या टिचकीचं वागणं, सगळं त्यात. ते फाइल म्हणून बाहेर काढता येतं आणि आयकॉनलाच जोडता येतं, म्हणजे मशीन कुठलंही असो, ऑटोकॅड उघडलं की तेच रूप. सोमवारी सहाही मशीन अगदी जुळ्या बहिणींसारखी दिसत होती. मला फार समाधान वाटलं.

काका त्या आठवड्यात बोलेनासे झाले. कामाला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागत होता, दोनदा भिंत तिरपी गेली. तब्येत विचारली तर "बरी हाय बेटा" एवढंच. शुक्रवारी त्यांच्या मागं उभी राहिले तेव्हा दिसलं. माउस हलवताना ते मान पुढं काढून पडद्यावर काहीतरी शोधत होते. पूर्वी त्यांच्या पडद्यावर कर्सरची फुली या टोकापासून त्या टोकापर्यंत असायची. आडवी रेघ पडदाभर, उभी रेघ पडदाभर. मी ती सगळ्यांसाठी मूळच्या मापावर, पाच टक्क्यांवर आणली होती. पडदाभर रेघा मला गिचमिड वाटायच्या.

"ते फुली मोठी होती नं," काका हळूच म्हणाले, "तं टी-स्क्वेअर लावल्यावानी वाटे. ही खिडकी त्या खिडकीच्या लाइनीत हाय का नाही ते नुसतं नजरेनं समजे."

मी तिथंच कर्सरसाइज शंभर केला. काकांनी माउस हलवला. आडवी रेघ खाली सरकत गेली, दोन्ही खिडक्यांच्या तळाला एकदम टेकली. त्यांचे खांदे खाली आले ते मला मागून दिसलं.

त्या रात्री रजिस्टरमध्ये मधोमध एक उभी रेघ मारली आणि सगळ्या सेटिंग पुन्हा लिहिल्या. कागदावर जे उतरतं ते एका बाजूला: एककं, साचा, फॉन्ट, पेनांचा डबा, लेयरची (भिंती, मापं वेगवेगळी ठेवायच्या थरांची) नावं, छपाईचं प्रमाण. तिथं कुणाचीही आवड चालणार नाही, माझीही नाही, कारण त्या कागदावर कुणाची तरी बाज मावायची असते. दुसऱ्या बाजूला हाताच्या आणि डोळ्याच्या गोष्टी: फुली केवढी, पडदा काळा की पांढरा, माउस उजवा की डावा, कॉपीसाठी कुणी 'सीओ' दाबतं कुणी 'सीपी'. त्या ज्याच्या त्याच्या. प्रोफाइलमधून मी त्या काढून टाकल्या. मशीन जुळ्या बहिणींसारखी राहिली नाहीत. राहू नयेतच, असं आता माझं पक्कं मत आहे.

एक भर मिस्त्रीमुळे पडली. आमच्या प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आता दहा सेंटिमीटरची पट्टी छापलेली असते, खाली मराठीत ओळ: 'ही पट्टी १० सेंमी भरली तरच कागदावरून माप घ्यावे.' छपाई कुठल्याही मशीनवरून, कुठल्याही दुकानातून काढा, कागद आकसला किंवा 'फिट' झाला तर पट्टी खोटं बोलणार नाही, कारण तीही नकाशासोबतच आकसते. त्या मिस्त्रीला पहिला कागद मी स्वतः नेऊन दिला. त्यानं खिशातली पट्टी काढून आधी कोपऱ्यात लावली आणि मगच नकाशाकडे बघितलं.

जूनमध्ये एक नवी मुलगी आली. आयटीआयमधून आरेखक स्थापत्य केलेली, रोज एस.टी.नं येते. तिच्यासाठीचं मशीन जेवणाच्या सुट्टीआधी तयार झालं, पूर्वी याला दोन दिवस जायचे. पहिलं काम तिला शेततळ्याचं दिलं. तीस बाय तीस, खोली तीन मीटर, उतार एकास एक, म्हणजे तळ चोवीस बाय चोवीस, पाणी २१९६ घनमीटर. काळी माती खोल असेल तिथं उतार आणखी सपाट धरावा लागतो, तेही साच्यातच टिपेत लिहून ठेवलंय. तिनं प्रिंट काढली, मी पट्टी लावली. भरली. मग ती फाइल काकांच्या मशीनवर उघडली. 'शेततळे' हा शब्द तिथंही 'शेततळे'च होता, आणि त्याच्यावरून पडदाभर फुली फिरत होती.

ऑफिसच्या फोल्डरात मी 'आधी हे वाचा' नावाची साधी मजकुराची फाइल ठेवली आहे. कुठली सेटिंग काय आहे आणि ती तशी का आहे, एवढंच मराठीत. नुसतं 'काय' लिहिलं तर पुढचा माणूस ते बिनधास्त बदलतो. लिहायची परवानगी माझ्याशिवाय आणखी एकाला असावी म्हणून ती काकांना दिली. काकांनी मराठी टाइप कधी केलं नव्हतं. ती मुलगी त्यांना दुपारी इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकवते, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कागदावर कळफलकाचं चित्र काढून तिनं त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं आहे.

मागच्या आठवड्यात फाइल उघडली तर शेवटी एक नवी ओळ होती. माझी नव्हती.

'कर्सरसाइज १००. ज्याचा हात टी-स्क्वेअरवर बसला आहे त्याने ठेवावा. बाकीच्यांनी एक दिवस ठेवून पाहावा.'